लॉग घेतलेल्या चलाचा गुणांक : ‘टक्क्यांनी’ की ‘पट’?

अक्षरओळ :
एका अर्थशास्त्रीय अहवालाचा अनुवाद करताना एका वाक्यापाशी माझे अडले आहे. अहवालात वेतनाचा लॉग (ठरावीक पायाचा कितवा घात केला की ती संख्या येते, तो आकडा) घेऊन रिग्रेशन (एक चल दुसऱ्यावर किती अवलंबून आहे हे मोजणारे समीकरण) केले आहे. प्रशिक्षण घेतलेल्यांना १ आणि न घेतलेल्यांना ० असे मूल्य देणाऱ्या चलाचा गुणांक, म्हणजे समीकरणात त्या चलाला गुणणारी संख्या, ०.५ आली आहे. मी ‘प्रशिक्षण घेतल्यास वेतन ५० टक्क्यांनी वाढते’ असे लिहिले होते. तपासनिसांनी ५० खोडून ६५ केले आणि समासात ‘गुणांक म्हणजे टक्के नव्हेत’ एवढेच लिहून ठेवले. लॉगच्या गुणांकाला शंभराने गुणावे आणि टक्के म्हणावेत, असेच मी आजवर ऐकत आले. अहवालातला ०.५ हा आकडा न बदलता त्याच्यापुढे लावता येईल असा एखादा शब्द मराठीत आहे का?

मोजपट्टी :
तपासनिसांचे बरोबर आहे. लॉगमधला फरक मूळ राशीत आणताना तो ‘ई’ (सुमारे २.७१८) या संख्येचा घात होतो आणि ‘ई’चा ०.५ वा घात १.६४९ येतो, म्हणजे वेतन सुमारे १.६५ पट. शंभराने गुणण्याची रीत लहान गुणांकांपुरतीच चालते. ०.०५ चे ५.१ टक्के होतात, ०.१ चे १०.५ होतात आणि ०.५ ला पोहोचेपर्यंत ती रीत ६५ च्या जागी ५० सांगते, म्हणजे पंधरा टक्के-बिंदूंनी चुकलेली असते. गुणांक उणे ०.५ असता तर घट ५० ऐवजी ३९.३ टक्के आली असती. शून्य-एक चलांच्या बाबतीत हीच चूक सर्रास होते, हे हाल्वोर्सन आणि पामक्विस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी १९८० साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये दाखवून दिले होते. माझ्या मते अशा ठिकाणी टक्के सोडून ‘पट’ हा शब्द धरावा, कारण लॉगमधली बेरीज ही मूळ राशीतला गुणाकारच असते.

शुद्धमती :
वरच्या मजकुरांत ‘लॉग’ आणि ‘रिग्रेशन’ हे शब्द निःसंकोच आले आहेत, याचे मला वाईट वाटते. ‘लघुगणक’ आणि ‘समाश्रयण’ हे शब्द असताना अनुवादिकेनेच ते टाळले, तर ते रुळणार कधी?

तळटीप :
‘समाश्रयण’ मला मान्य आहे, पण ‘लघुगणक’ नाही. स्कॉटिश गणिती नेपियरने १६१४ च्या ग्रंथात ‘लॉगॅरिदम’ हा मूळ शब्द वापरला तो ग्रीक ‘लोगोस’ आणि ‘अरिथ्मोस’ यांवरून, म्हणजे गुणोत्तराची संख्या. आपण आद्याक्षरांचा नाद पकडून ‘लघु’ केले आणि त्यात गुणोत्तरच हरवले. ‘गुणोत्तरांक’ असा शब्द असता, तर ०.५ पाहून कोणाच्या मनात ५० टक्के आलेच नसते.

शुद्धमती :
व्युत्पत्तीच्या कसोटीवर घासायचे, तर ‘रिग्रेशन’ही टिकत नाही. संख्याशास्त्रज्ञ गाल्टनने १८८६ साली उंच आईवडिलांची मुले सरासरीकडे परततात हे सांगण्यासाठी तो शब्द योजला होता आणि वेतनाच्या या समीकरणात काहीही परतत नाही. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, म्हणून ‘लघुगणक’ही चालेल.

जुनी वही :
अक्षरओळ यांनी जो शब्द मागितला, तो आपल्याकडे आहे असे मला वाटते. शाळेत ‘द.सा.द.शे.’ची उदाहरणे सोडवताना सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांत माझा फार गोंधळ व्हायचा आणि लॉगचा गुणांक मला पुढे त्या गोंधळातूनच उमगला. ५० टक्के एकरकमी दिले तर १.५ पट होतात. त्याचेच २५ टक्क्यांचे दोन हप्ते केले तर १.५६ पट, ५ टक्क्यांचे दहा केले तर १.६२९ पट आणि अर्ध्या टक्क्याचे शंभर केले तर १.६४७ पट होतात. हप्ते असेच बारीक करत गेलो की आपण १.६४९ वर येऊन थांबतो. म्हणून ०.५ ला ‘५० चक्रवाढ टक्के’ म्हणावे.

मोजपट्टी :
हिशेब चोख आहे, पण ‘चक्रवाढ’ म्हटले की वाचकाला काळ दिसतो. प्रशिक्षणाच्या चलात काळ कुठे आहे? शून्यावरून एकावर, एवढीच एक उडी आहे. वाचक विचारेल, हप्ते कशाचे?

रेघोटी :
सगळे आकड्यामागे लागले आहेत, पण मला क्रियापदच खटकते. ‘घेतल्यास वाढते’ म्हटले की एकाच माणसाने प्रशिक्षण घेतले आणि मग त्याचे वेतन चढले, असा अर्थ निघतो. अहवालात बहुधा निरनिराळ्या माणसांची तुलना असेल. तसे असेल तर ‘घेतलेल्यांचे वेतन जास्त आढळते’ असेच लिहायला हवे. शिवाय १.६५ पट हे गुणोत्तर नेहमीच्या सरासरीचे नसून भूमितीमध्याचे (संख्यांची बेरीज करून भागण्याऐवजी गुणाकार करून मूळ काढल्यावर येणाऱ्या मध्याचे) आहे. लॉगची सरासरी काढून मागे आले की हाती भूमितीमध्यच लागतो. नुसते ‘सरासरी वेतन’ लिहिले तर तेही चुकेल.

अक्षरओळ :
क्रियापद बदलते, ती तुलनाच आहे. पण पुढच्या परिच्छेदात वेतनाबरोबर कंपनीच्या आकाराचाही लॉग घेतला आहे आणि त्याचा गुणांक ०.३ आहे. तिथे ‘आकार १ टक्क्याने जास्त असल्यास वेतन ०.३ टक्क्याने जास्त’ हे तरी चालेल ना?

मोजपट्टी :
चालेल. दोन्हीकडे लॉग असला की गुणांक म्हणजे लवचिकता (एक राशी १ टक्क्याने बदलली की दुसरी किती टक्क्यांनी बदलते ते), आणि हा शब्द पाठ्यपुस्तकांतून सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मात्र १ टक्क्याचे वाक्य ताणून १०० टक्क्यांवर नेऊ नका. आकार दुप्पट असेल तर वेतन ३० टक्क्यांनी जास्त नसते, दोनाचा ०.३ वा घात म्हणजे १.२३ पट असते. लॉग फक्त आकाराचाच असता तर पाया दोन घेण्याचा आग्रह मी धरला असता, कारण मग गुणांक थेट ‘दर दुपटीमागे इतके’ असा वाचता येतो. ‘मागे’ हे शब्दयोगी अव्यय या कामाला फार चांगले आहे.

तळटीप :
‘पट’ सुचवताना एक धोका राहून गेला आहे. ‘१.६५ पटीने जास्त’ याचा अर्थ काय? मी तो मूळच्या १.६५ पट असा घेईन, पण मूळ रकमेवर आणखी १.६५ पट, म्हणजे एकूण २.६५ पट, असाही कोणी घेईल. ‘दुपटीने वाढले’ आणि ‘दुप्पट झाले’ यांवरून मी एका संपादकांशी आठवडाभर वाद घातला आहे.

शुद्धमती :
‘दुपटीने वाढले’ म्हणजे दुप्पट झाले. बोलताना तिप्पट असा अर्थ कोणीही घेत नाही.

तळटीप :
मग ‘५० टक्क्यांनी वाढले’ म्हणजे निम्मे झाले का? ‘ने’ असो वा ‘नी’, प्रत्यय दोन्हीकडे तृतीयेचाच आहे.

जुनी वही :
म्हणूनच मी ‘चक्रवाढ टक्के’ म्हणत होतो.