मदत हवी आहे: पहिलाच सीन अंधारातला आहे आणि अंधार काही जमत नाहीये

नमस्कार मंडळी, जाम अडलोय म्हणून धागा काढतोय. आम्ही मित्रमंडळी मिळून एक शॉर्टफिल्म करतोय, कॅमेरा मी चालवतो कारण कॅमेरा माझा आहे, एवढंच माझं क्वालिफिकेशन. पहिला सीन असा की मध्यरात्री मुलगा हळूच लॅच उघडून घरात शिरतो, चपला हातात, आणि तिकडे बाबा अंधारात खुर्चीवर जागे बसलेत. प्रेक्षकाला बाबा लगेच दिसायला नकोत, मुलाने पाणी प्यायला फ्रीज उघडला की त्या उजेडात दिसायला हवेत.

काल टेस्ट शूट केलं, पार विचका झाला. घरातले सगळे दिवे बंद केले, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ६४०० वर नेला आणि अगदीच काही दिसेना म्हणून एक छोटा एलईडी पॅनल छताकडे तोंड करून ठेवला. तर अंधार काळा दिसायच्या ऐवजी राखाडी, त्यात मुंग्या फिरतायत असा नॉइज, आणि बाबा तिसऱ्या सेकंदाला दिसतात. बायकोला क्लिप दाखवली तर ती म्हणाली, "खुर्चीत कोण बसलंय?" अहो, मुलाने अजून दारसुद्धा लावलं नव्हतं!

दुसरं म्हणजे कॅमेरा हातात धरून मी मुलाच्या मागे मागे गेलो आणि फ्रीज उघडल्यावर बाबांवर पॅन केला, म्हणजे कॅमेरा आडवा त्यांच्याकडे वळवला, पण पॅन सुरू झाला रे झाला की कळतं आता काहीतरी दाखवणार. जाणकारांनी जरा सांगा, बजेट शून्य आहे.

प्रतिसाद १

आधी तो छताकडचा पॅनल बंद करा. पांढऱ्या छतावर उजेड मारला की अख्खं छतच दिवा होतं आणि खोलीभर सारखा उजेड सांडतो, मग काळं राहणार कुठून? रात्र दाखवायची तर फ्रेममध्ये एखादी जागा नीट उजळलेली लागते, तिच्यापुढे बाकीचं काळं वाटतं. तुमच्याकडे ती जागाच नाहीये.

उघड्या दारातून बाहेरच्या दिव्याचा एक पट्टा जमिनीवर येऊ दे, मुलगा त्यातून आत येईल. तोच पॅनल दाराबाहेर उंचावर लावा, आयएसओ ८०० च्या आसपास ठेवा आणि काळं अजून काळं करायचं ते नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे एडिटिंगच्या वेळी रंग-उजेड ठीक करताना. उलटं होत नाही, कमी एक्सपोज केलेलं, म्हणजे गडद शूट केलेलं, नंतर उजळवलं की मुंग्या येणारच. अंतराचाही फायदा घ्या. मुलगा दिव्यापासून १ मीटरवर आणि बाबा ३ मीटरवर असतील तर बाबांवर साधारण नवव्या हिश्श्याएवढाच उजेड पडेल, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्तच फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

आणि बाबांच्या मागे पांढरी भिंत आहे ना? तुमच्या बायकोला बाबा दिसले नाहीत, भिंतीवर त्यांचा आकार दिसला. मागे काळी चादर टांगा नाहीतर खुर्ची आतल्या खोलीच्या अंधाऱ्या दारासमोर सरकवा.

प्रतिसाद २

वरच्यांना +१. कॅमेऱ्याचं म्हणाल तर पॅन नकोच. ट्रायपॉड लावा, २४ किंवा २८ एमएम लेन्सची वाइड फ्रेम आणि बाबांची खुर्ची पहिल्या सेकंदापासून फ्रेममध्येच, फक्त काळ्या भागात. दार एका बाजूला, खुर्ची दुसऱ्या बाजूला, डोळे आपोआप हलणाऱ्या मुलावर जातात. मग फ्रीज उघडला की कॅमेरा जागचा हलत नाही आणि माणूस उगवतो. तो इतका वेळ तिथेच होता ही भीती पॅनमध्ये येत नाही.

१९७२ च्या 'द गॉडफादर'ची सुरुवात बघा. काळोखात एका माणसाचा चेहरा, तो बोलतोय आणि फ्रेम झूमने इतकी हळू मागे येत राहते की जवळजवळ तीन मिनिटांनी कळतं तो कुणासमोर बसलाय. सिनेमॅटोग्राफर गॉर्डन विलिस यांनी दिवे डोक्यावरून लावले होते, म्हणून समोर बसलेल्या डॉनचे डोळे खोबणीतल्या सावलीत राहतात. लोकांना तेव्हा ते फार काळं वाटलं होतं म्हणे, आता सगळे तेच करायला बघतात :)

फ्रीजच्या बल्बवर विसंबू नका, तो कमी पडतो. एक पॅनल बाटल्यांमागे लपवा, पुढे बटर पेपर. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते सेटिंग) ३२०० केल्विन, दाराबाहेरचा पॅनल पिवळा आणि फ्रीजमधला ५६०० चा, म्हणजे बाबा आपोआप निळसर गार दिसतील. आणि फ्रीजचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघा, नाहीतर तेच दार बाबांवरचा उजेड अडवेल.

धागाकर्ता

फ्रीजचं दार खरंच चुकीच्या बाजूला उघडत होतं, खुर्ची उचलून पलीकडे नेली. चादर टांगली, कॅमेरा ट्रायपॉडवर. बायकोने यावेळी शेवटपर्यंत काही विचारलं नाही आणि फ्रीज उघडल्यावर "आई गं" म्हणाली.

आता नवीन भानगड. बाबांना चष्मा आहे, फ्रीज उघडला की चेहरा दिसायच्या आधी दोन पांढरे चौकोन चमकतात. काढायला लावू का?

प्रतिसाद २

काढू नका! चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला, काचा खाली झुकतील आणि चमक कमी होईल. पण एक टेक न झुकवता पण घ्या, दोन पांढरे चौकोन आधी आणि मग बाबा, मला तर तोच आवडेल.