रक्तातील बुरशी आणि निष्प्रभ ठरलेले औषध : कॅन्डिडा ऑरिसविषयी विचारणा

प्रश्न (रुग्णाची मुलगी)

नमस्कार. माझे वडील 67 वर्षांचे असून आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेले तीन आठवडे आयसीयूमध्ये आहेत. मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या रक्तवाहिनीत घातलेली नळी) होती आणि दोन प्रतिजैविके चालू होती. ताप उतरेना म्हणून ब्लड कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पाठवले, त्याच्या पहिल्या अहवालात फक्त ‘यीस्ट’, म्हणजे एक प्रकारची बुरशी, असे आले आणि फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू झाले. पुढे अंतिम अहवालात ‘कॅन्डिडा ऑरिस’ हे नाव आल्यावर औषध बदलून मायकाफंजिन दिले, लाइन काढली आणि वडिलांना वेगळ्या खोलीत हलवले. पहिले औषध का लागू पडले नाही, आणि ही बुरशी त्यांच्या रक्तात आली कुठून? शिवाय दारावर सूचनेची पाटी लागल्यापासून आई आत जायला घाबरते. तिने त्यांचा हात हातात घेतला तर चालेल का?

उत्तर 1 (सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतून)

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आईंनी अवश्य आत जावे, हात हातात घ्यावा. धडधाकट माणसाला या बुरशीमुळे रक्ताचा संसर्ग होण्याची शक्यता फार कमी असते. खोलीत शिरताना व बाहेर पडताना हात स्वच्छ करावेत आणि सिस्टर सांगतील तसा गाऊन व हातमोजे घालावेत. आईंना स्वतःला कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे असतील, तर मात्र डॉक्टरांना आधी विचारावे.

आता औषधाविषयी. बुरशीच्या पेशीचे आवरण टिकवणारा एक स्निग्ध पदार्थ ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होतो, त्या विकराला फ्लुकोनॅझोल अडवते. पण कॅन्डिडा ऑरिसमध्ये बहुधा त्या विकराची घडणच बदललेली असते, आणि पेशीत शिरलेले औषध बाहेर फेकणारे पंपही तिच्याजवळ असतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दिलेल्या आकड्यांनुसार तेथील सुमारे 90 टक्के नमुने फ्लुकोनॅझोलला आणि सुमारे 30 टक्के नमुने अँफोटेरिसिन-बी या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाला दाद देत नाहीत. मायकाफंजिन ज्या गटातले आहे तो गट पेशीभित्तिकेवर घाव घालतो व त्याला प्रतिकार करणारे नमुने 5 टक्क्यांहून कमी आढळले, म्हणून त्यापासून सुरुवात करतात. तरीही उपचार चालू असताना प्रतिकार निर्माण होऊ शकतो, त्यामुळे संवेदनशीलतेचा (कोणते औषध लागू पडेल हे सांगणारा) अहवाल तुम्ही आवर्जून मागून घ्या.

नाव कळायला वेळ का लागला, हेही सांगायला हवे. ही बुरशी 2009 मध्ये टोकियोतील एका 70 वर्षांच्या स्त्रीच्या कानातील स्रावात सापडली. ‘ऑरिस’ म्हणजे लॅटिनमध्ये कान. 2013 मध्ये दिल्लीच्या दोन रुग्णालयांतील 12 रुग्णांविषयीचा शोधनिबंध आला, तेव्हा ती रक्तात शिरते हे आपल्याकडे स्पष्ट झाले. नेहमीची स्वयंचलित यंत्रे तिला पुष्कळदा कॅन्डिडा हेम्युलोनाय ही तिच्या जवळची जात म्हणून ओळखत, आणि जिथे प्रथिनांवरून जंतू ओळखणारे माल्डी-टॉफ यंत्र नाही किंवा त्याची नोंदसूची जुनी आहे, तिथे आजही गफलत होते. 2011-12 मध्ये भारतातील 27 आयसीयूंची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील 19 ठिकाणी ती होती. म्हणून ‘यीस्ट आले’ एवढ्यावर थांबणारा अहवाल मला अपुरा वाटतो. जातीचे नाव कळल्याशिवाय औषधाची निवड हा अंदाजच असतो.

उत्तर 2 (आयसीयूमधील परिचारिका)

कुठून आली, याविषयी माझ्या कामातले सांगते. ही बुरशी काखेत आणि जांघेत मुकाट्याने राहते, रुग्णाला काहीही त्रास नसतो, आणि त्वचेवरून लाइनच्या तोंडाशी पोहोचली की रक्तात जाते. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यातूनही कॅन्डिडा रक्तात जाऊ शकते, पण ऑरिसचा मुख्य मुक्काम त्वचेवर, आणि तिथून पलंगाच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर, मॉनिटरच्या बटणांवर. कोरड्या पृष्ठभागावर ती आठवडेच्या आठवडे तग धरते. ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात 2015 ते 2017 या काळात 70 रुग्णांच्या अंगावर ती सापडली आणि तपासाअंती काखेत लावायचे, पुन्हा पुन्हा वापरले जाणारे तापमापक प्रोब कारणीभूत निघाले. ते काढून टाकल्यावर नवे रुग्ण कमी झाले.

आमच्याकडे एकदा असाच रुग्ण होता. मावशींनी खाट दोनदा नेहमीच्या औषधाने पुसली होती, पण बीपीच्या पट्ट्याचा वेल्क्रो कुणाच्या लक्षात आला नाही. त्याच्या खाचांत कापसाचे धागे अडकले होते. अनेक रुग्णालयांत रोज वापरली जाणारी अमोनियम वर्गातील जंतुनाशके या बुरशीवर भरवशाची नाहीत, त्यामुळे क्लोरीनचे द्रावण लागते आणि ते ठरलेला वेळ पृष्ठभागावर ओले राहावे लागते. हातांसाठी मात्र अल्कोहोलचा रब चालतो. सर्वांत मोठी काळजी लाइनचीच: गरज संपल्यावर ती एक दिवसही जास्त ठेवू नये. वडिलांना नवी लाइन घातली असेल, तर ती कशासाठी व कधी निघणार, हे रोजच्या फेरीला विचारायला संकोचू नका.

उत्तर 3 (अतिदक्षता विभागातील निवासी डॉक्टर)

वरील माहितीत दोन गोष्टींची भर घालतो. रक्त निर्जंतुक होईपर्यंत कल्चर रोज किंवा एक दिवसाआड पाठवले जाते, आणि गुंतागुंत नसेल तर पहिले निर्जंतुक कल्चर आल्यापासून किमान 14 दिवस औषध चालू ठेवतात. ताप उतरला म्हणून ते आधी थांबवायचे नसते. दुसरे म्हणजे बाहुली मोठी करून डोळ्यांची तपासणी करून घ्या. ही बुरशी रक्तातून डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (दृष्टिपटलावर) जाऊन बसू शकते, आणि मायकाफंजिन डोळ्यात पुरेसे पोहोचत नाही, त्यामुळे तिथे काही आढळले तर औषधाचा विचार पुन्हा करावा लागतो.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. आज सकाळी आई गाऊन घालून आत गेली आणि बराच वेळ वडिलांचा हात धरून बसली. नेत्रतपासणी उद्या आहे, कालच्या कल्चरची वाट पाहत आहोत. बरे वाटल्यावर त्यांना गावाकडच्या रुग्णालयात हलवायचे झाल्यास तिथे ही गोष्ट सांगणे बंधनकारक आहे का?

उत्तर 1

सांगायलाच हवे, ताई. रक्त निर्जंतुक झाले तरी त्वचेवर ही बुरशी महिनोन्महिने राहू शकते. डिस्चार्ज कार्डावर ‘कॅन्डिडा ऑरिस’ असे पूर्ण नाव लिहून घ्या, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी तिथल्या सिस्टरांना फोन करा, म्हणजे त्या वेगळी खोली तयार ठेवतील.