कारेलीबागेतला फ्लॅट दलालाशिवाय विकावा का?

प्रश्न (कारेलीबागकर):
नमस्कार. बडोद्यात कारेलीबागेत आईच्या नावावर दोन बेडरूमचा जुना फ्लॅट आहे आणि तो विकून ती माझ्याकडे पुण्याला राहायला येणार आहे. सोसायटीतला दर पाहता ६२ लाखांच्या आसपास किंमत यावी. एका दलालाने आमच्याकडून एक टक्का व घेणाऱ्याकडून एक टक्का अशी दलाली सांगितली आणि वर घराची चावीही मागून घेतली. ६२,००० रुपये नेमके कशाचे द्यायचे, हे मला कळेना. आई मात्र म्हणते की कचेरीच्या खेपा तिला झेपणार नाहीत. ज्यांनी स्वतःच घर विकले आहे, त्यांनी अनुभव सांगावा.

उत्तर (मांजलपूरवासी):
आम्ही तीन वर्षांपूर्वी मांजलपूरचे घर स्वतः विकले. गॅलरीच्या जाळीला ‘विकणे आहे’ अशी पाटी लावली, त्या दिवशी अकरा फोन आले आणि त्यांतले आठ दलालांचे होते. प्रत्येकाकडे म्हणे ‘पार्टी तयार’ होती. खरा खरेदीदार अखेर समोरच्याच सोसायटीत भाड्याने राहणारा निघाला. तोवर पाच महिने गेले आणि प्रत्येक रविवार घर दाखवण्यात संपला. एक चूक मात्र आम्हाला भोवली. एका दलालाने आणलेले कुटुंब दोन महिन्यांनी थेट आमच्याकडे आले, तेव्हा त्याने दलालीवर हक्क सांगितला आणि त्या वादात तो सौदाच मोडला. म्हणून दलालाला घर दाखवू द्यायचेच असेल, तर कोणाला कधी दाखवले याची यादी त्याच्याकडून लिहून घ्यावी, दलाली दस्तावेज (खरेदीखत) झाल्यावरच देय राहील असेही लिहावे, आणि चावी देऊ नये.

उत्तर (दस्तावेजवाली):
मी वकिली करते, म्हणून कागदांपुरते लिहिते. दलाल नसला तरी वकील हवाच. बानाखत (विक्रीचा आधीचा करार) आणि दस्तावेज यांचा मसुदा त्याच्याकडूनच करून घ्या. शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचे ना-हरकत पत्र, मूळ दस्तावेज, इंडेक्स-२ (दस्त-नोंदणीचा उतारा) आणि वेरा (घरपट्टी) पावती आधीच एका फायलीत ठेवलीत, तर घेणाऱ्याच्या बँकेचा निम्मा वेळ वाचेल. शहराच्या काही भागांना अशांत धारा (अशांत भागांतल्या मालमत्तेच्या विक्रीवर बंधन घालणारा कायदा) लागू असून तेथे विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते, तेव्हा आपला पत्ता त्यात येतो का, हे टोकन घेण्यापूर्वीच तपासावे. टोकनाची रक्कम २०,००० किंवा अधिक असेल, तर ती रोखीने मुळीच घेऊ नये, कारण घेतली तेवढाच दंड होऊ शकतो.

किंमत ५० लाखांवर असल्याने घेणारा एक टक्का टीडीएस कापेल, म्हणजे योगायोगाने पुन्हा ६२,००० च. ती रक्कम आईच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना करात वळती होते, म्हणून पैसे कमी आले असे समजून भांडू नये. गुजरातमध्ये स्टँप ड्यूटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी एक टक्का आहे. घेणारी केवळ स्त्री असेल तर नोंदणी फी माफ होते, तेव्हा घासाघीस चालू असता हा मुद्दा आपणच काढावा. आणखी एक: चेकने दिलेली दलाली भांडवली नफ्यातून वजा होते, म्हणून त्या नफ्यावरच्या १२.५ टक्के कराच्या दराने पाहिल्यास दलाली वाचवून हाती पडणारे ६२,००० नसून सुमारे ५४,००० असतात.

उत्तर (रावपुऱ्याचा):
वरचे सगळे पटते, पण आई एकटी राहते आणि अनोळखी माणसे दिवसभर घरात येणार. मी असतो तर अर्धा टक्का ठरवून दलाल घेतला असता. दर घासून घेता येतो, आणि सहसा पहिला आकडा शेवटचा नसतो.

कारेलीबागकर:
सर्वांचे आभार. दोन महिने पाटी लावून पाहतो, घर फक्त रविवारी, शेजारचे काका हजर असताना दाखवू. चावी आज परत मागितली आहे. दलाल म्हणतो, उद्या देतो.