सिकलसेल रुग्णाचं पोटॅशियम 6.2: खरं की नमुन्याचा दोष?

धडगाव_लॅब: एसएस (आई-वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेल्या) रुग्णांचं सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) पोटॅशियम वरचेवर 6 च्या पुढे, म्हणजे जास्त येतंय. सोडियम 136, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) 0.5, रुग्णाला त्रास काही नाही. रक्त उपकेंद्रातून बर्फाच्या डब्यात येतं, तीन-चार तासांनी. रिपोर्ट द्यावा की नमुना पुन्हा मागवावा?

जैवरसायन_वाला: आधी तो बर्फ थांबवा. थंडीत तांबड्या पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशी फुटत नाहीत, म्हणून सिरम लालसर होत नाही आणि कुणाला शंकाही येत नाही. उपकेंद्रात सेंट्रिफ्यूज असेल तर रक्त अर्धा तास गोठू द्या, दोन तासांच्या आत सिरम वेगळं काढा, मगच थंड करा. सेंट्रिफ्यूज नसेल तर नमुना साध्या तापमानालाच आणि लवकर आणा. दंडाचा पट्टा मिनिटभरात सोडायचा, मूठ उघडझाप करायला लावायची नाही. जांभळ्या झाकणाची ट्यूब शेवटी भरा. तिच्यातल्या ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणारं रसायन) पोटॅशियम असतं. त्याचा अंश सिरमच्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम चढतं आणि कॅल्शियम अचानक खाली दिसतं.

रक्तपेढी_नंदुरबार: प्लेटलेटही बघा. प्लीहा निकामी झाल्याने या रुग्णांत त्या बऱ्याचदा वाढलेल्या असतात आणि गुठळी होताना पोटॅशियम सोडतात. हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) हिरव्या ट्यूबमध्ये प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्तातला द्रव) तपासा. त्यातलं पोटॅशियम सिरमपेक्षा बरंच कमी आलं तर उत्तर मिळालं.

फिजिशियन_विदर्भ: हे सगळं बरोबर, पण प्रत्येक 6.2 नमुन्यावर ढकलू नका, माणूस दगावेल. सिकलमध्ये किडनीचा आतला भाग लवकर खराब होतो आणि क्रिएटिनिन नॉर्मल असतानाही पोटॅशियम लघवीतून नीट जात नाही. 0.5 वर तर अजिबात विसंबू नका: किडनीची गाळणी जास्त वेगाने चालते, स्नायू कमी असतात, म्हणून ते खालीच राहतं. पोटॅशियम वाढवू शकणारी औषधं, म्हणजे एनालाप्रिल, लोसार्टन, डायक्लोफेनॅक चालू आहेत का, विचारा. दुसऱ्या नमुन्याची वाट न पाहता ईसीजी काढा. त्यातली टी लाट उंच टोकदार किंवा क्यूआरएस लाट रुंद असेल तर हृदय सांभाळायला प्रौढाला 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिलि शिरेतून 5 ते 10 मिनिटांत, मॉनिटर लावून. मग डेक्स्ट्रोजसोबत इन्सुलिन. ईसीजी नॉर्मल आला तरी धोका टळला असं नाही.

धडगाव_लॅब: मग रिपोर्टवर लिहायचं काय?

जैवरसायन_वाला: आकडा दडवू नका. ‘नमुना उशिरा, बर्फात आला, ताज्या नमुन्यावर खात्री करावी’ असा शेरा लिहा आणि डॉक्टरांना लगेच फोन करा.