मदत हवी आहे: मुंबई–लंडन जाताना पाच तास, येताना साडेचौदा?

रामबागकर
नमस्कार मंडळी. आई (वय 72) पहिल्यांदाच विमानात बसणार आहे, इंदूरहून मुंबईमार्गे लंडनला, ताईकडे. सप्टेंबरच्या मध्यात जाणं, नोव्हेंबरात परत. तिकिटावर लिहिलंय: मुंबईहून दुपारी 1 ला सुटून लंडनला संध्याकाळी 6. परतीचं रात्री 9 ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी 11.30 ला मुंबई. म्हणजे जाताना पाच तास आणि येताना साडेचौदा? आईचं म्हणणं, "मुंबईहून घरी येताना मानपूरचा घाट चढावा लागतो, तसंच असेल."

हसू नका. आईला मधुमेहाच्या गोळ्या आहेत आणि डॉक्टरांनी विचारलंय, मधे खरे तास किती जातात ते लिहून आणा. अंतरही सांगा, बाबांना हवंय.

माळव्यातला
दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात, भिया. सप्टेंबरात लंडन आपल्या साडेचार तास मागे. 5 + साडेचार = साडेनऊ तास. येताना हाच फरक वजा करायचा.

रामबागकर
वजा केला तर दहा येतात. मग जाण्यापेक्षा येणं लांब?

माळव्यातला
चुकलो, नोव्हेंबर विसरलो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे घेतात. फरक साडेपाच होतो. साडेचौदातून साडेपाच गेले, नऊ तास.

नकाशावेडा
बाबांसाठी: इंदूर–लंडन सरळ हवाई अंतर सुमारे 7,100 किमी. मुंबई–लंडन मात्र 7,200, म्हणजे आधी 500 किमी दक्षिणेला जायचं आणि तिथून लंडन आणखी लांब! दिल्लीमार्गे एकूण अंतर थोडं कमी पडतं, पण एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांना वळसा पडू लागला. तेव्हा मुंबईचं तिकीट काढलंत त्यात काही बिघडलं नाही.

7,200 ला ताशी 900 ने भागलं तर आठच तास होतात. पण विमान सरळ रेषेत उडत नाही, आणि तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंतचं रेंगाळणंही धरलेलं असतं. शिवाय 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. जाताना तो समोरून, येताना पाठीमागून. म्हणून आईंना सांगा, घाट आहे, पण तो जाताना लागतो.

आजीची_नात
डॉक्टरांना नुसते विमानातले तास देऊ नका, घरापासून घरापर्यंतचे द्या. मुंबईत देशांतर्गत विमान टर्मिनल 1 ला उतरत असेल तर टर्मिनल 2 ला बाहेरच्या रस्त्याने जावं लागतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या तीन तास आधी पोचायला हवं. व्हीलचेअर आधीच नोंदवा, आई नको म्हणाल्या तरी. माझी आजी नको म्हणाली आणि मग सगळ्या रांगांत उभी राहिली. गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट.

रामबागकर
सगळ्यांचे आभार. तर डॉक्टरांसाठी असं लिहिलंय: इंदूरहून सकाळी 7 चं विमान, मुंबईहून 1 वाजता, लंडनला उतरेल तेव्हा इंदुरात रात्रीचे साडेदहा. जेवणं आणि गोळ्या यावरून तेच ठरवतील. आईला बजावलंय, मनगटावरचं घड्याळ ताई भेटेपर्यंत बदलायचं नाही. घाट जाताना लागतो हे ऐकून ती म्हणाली, "मग आलं-लिंबाच्या गोळ्या पण ठेव."