तुळशीचा काढा: आटवण्यापेक्षा झाकून ठेवा

खोकल्यासाठी तुळशीचा काढा निम्मा होईपर्यंत आटवावा, असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय. खोकल्यात तुळशीनं घशाला आराम पडतो हे अगदी मान्य, पण आटवणं मला पटत नाही. पान चुरडल्यावर लवंगेसारखा वास येतो तो युजेनॉल या सुगंधी द्रव्याचा. लवंगेच्या तेलातही मुख्य घटक हाच. तो वाफेबरोबर उडतो. काढा उकळताना घरभर दरवळ सुटतो, तेव्हा तो भांड्यातून चाललेला असतो! आलं, मिरी, ज्येष्ठमध आधी खुशाल उकळा. गॅस बंद केल्यावर तुळशीची पानं हातानं तोडून टाका आणि पाच-दहा मिनिटं घट्ट झाकून ठेवा. झाकणाला आतून जमलेले थेंबही भांड्यातच निथळू द्या, वास त्यातही असतो. आमच्याकडे काढा असाच होतो आणि कडवटही लागत नाही.

कृष्ण तुळस की राम तुळस, यावर एवढा वाद कशाला? दोन्ही एकाच जातीच्या. सब्जा मात्र वेगळा, त्याच्या बिया तुळशीच्या समजून घेऊ नका. आणि घरात कुणाला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रोजचा काढा डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.