अंगणवाडीत प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ कसा मोजावा?

बालविकास_एमए
लघुप्रबंधासाठी पालघर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात 12 अंगणवाड्या घेतल्या आहेत, प्रत्येकीत 3 ते 6 वयाची 10 मुलं. पूर्वशालेय शिक्षणाला दिवसाकाठी खरोखर किती वेळ मिळतो आणि मुलांच्या भाषा-गणिताशी त्याचा काही संबंध दिसतो का, हे पाहायचं आहे. वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं आणि विचारलं की सेविका तेच सांगतात. निरीक्षक दोन आहेत. मुलांसाठी चाचणीही हवी, पण वीसपर्यंत अंक म्हणून घेण्यापलीकडची. निम्म्या पाड्यांवर घरची बोली वारली आहे. सुरुवात कुठून करावी?

मोजपट्टी
घड्याळ लावून 'शिकवणं सुरू, शिकवणं बंद' असं लिहीत बसू नका. गाणं चालू असताना मध्येच लसीकरणाला कोणी येतं, खिचडी उतू जाते, सेविका उठते, आणि तुमची नोंद विस्कटते. त्यापेक्षा दर 5 मिनिटांनी एक झलक टिपा. सत्र 3 तासांचं धरलं तर एका भेटीत 36 झलकी होतात, तीन भेटींत 108.

प्रत्येक झलकेला क्रम ठरलेला हवा. आधी सेविकेकडे पाहून एकच खूण: मुलांना शिकवते किंवा खेळवते, आहार, नोंदी किंवा फोन, पालकांशी बोलणं, खोलीबाहेर. मग डावीकडून उजवीकडे नजर फिरवत किती मुलं कशात गुंतली आहेत ते मोजा, आणि हातात साहित्य आहे का ते लिहा. हे सगळं 20 सेकंदांत उरकलं पाहिजे. नंतर जे दिसलं ते त्या झलकेत घालायचं नाही.

सगळ्यात जास्त चूक एका ठिकाणी होते. मुलं रांगेत बसून बडबडगीत म्हणताहेत आणि सेविका पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपमध्ये हजेरी भरते आहे. नवखा निरीक्षक याला 'शिकवणं' लिहितो. सेविकेची खूण 'नोंदी' हीच, मुलांची 'गाणं, मोठ्यांशिवाय'. म्हणूनच दोन रकाने वेगळे ठेवायचे.

अंगण_पाडा
वरच्या पद्धतीत एक भर. भेटीचे दिवस सोयीने निवडू नका. वजनाचा दिवस आणि ग्राम आरोग्य पोषण दिन टाळले तर शिकवण्याचा वेळ आहे त्यापेक्षा जास्त दिसेल, कारण नेमका त्याच दिवशी तो वेळ इतर कामांत हरवतो. महिन्याच्या कामाच्या दिवसांतून चिठ्ठ्या टाका. पहिली भेट हिशेबात धरू नका. त्या दिवशी सगळे पाहुण्यासाठी वागतात, मुलंसुद्धा.

हजेरीपटावर विसंबू नका. सत्र सुरू होताना, मध्यावर आणि आहाराच्या वेळी अशी तीनदा डोकी मोजा. आहाराला 22 आणि सकाळी 9 असा फरक निघाला तर तोच तुमचा महत्त्वाचा निष्कर्ष ठरू शकतो. बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढे हाच प्रश्न होता. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. न आलेल्या मुलाला किती वेळ मिळाला तर शून्य, आणि सरासरी काढताना ते शून्य गळू देऊ नका.

आणि निष्कर्ष लिहिताना सेविकेला आळशी ठरवू नका, ही कळकळीची विनंती. एकाच बाईकडे आहार, वजन, गृहभेटी, नोंदी आणि शिकवणं. तामिळनाडूत गानिमियन, मुरलीधरन आणि वॉल्टर्स यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या अंगणवाड्यांत फक्त शिकवण्यासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती जास्तीची दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. 18 महिन्यांनी गणितात 0.29 आणि भाषेत 0.46 प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) इतकी वाढ दिसली, शिवाय खुंटलेली वाढ आणि तीव्र कुपोषणही कमी आढळलं. मूळ सेविकेचा वेळ आरोग्य-पोषणाला मोकळा झाला होता.

चिंचोके
चाचणीबद्दल. एका वाटीत 15 चिंचोके ठेवा आणि म्हणा, "मला तीन दे." बरोबर दिले तर चार, मग पाच. चुकलं तर एक आकडा खाली. प्रत्येक आकड्याला जास्तीत जास्त तीन संधी, त्यांतल्या दोन बरोबर आल्या तरच तो आकडा कळतो असं धरा. मुलाने मूठभर उचलले तर एकदाच सांगा, "मोजून बघ बरं." वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणणारं मूल पाच मागितल्यावर मूठभर देतं, हे पुष्कळदा दिसेल. अंक म्हणणं ही पाठांतराची गोष्ट आहे. शेवटचा अंक म्हणजे एकूण किती, हे उमगायला वेगळा काळ लागतो.

'शाब्बास' म्हणू नका, चुकल्यावर चेहराही पडू देऊ नका. प्रत्येक उत्तरानंतर एकसारखं "बरं" म्हणायचं. सतरंजी अशी टाका की बाकीच्या मुलांना उत्तरं ऐकू जाणार नाहीत, नाहीतर पाचव्या मुलापासून सगळे हुशार. चाचणी आहारानंतर घ्या, उपाशी मुलाची घेऊ नका. 15 मिनिटांवर ताणू नका.

वारली बोलणाऱ्या मुलांना सूचना वारलीतच द्या. पाड्यावरच्याच कोणा ताईकडून शब्द बसवून घ्या आणि दुसरीकडून ते उलट मराठीत सांगायला लावा. अर्थ बदलला तर लगेच कळतं. एरवी तुमची गणिताची चाचणी प्रमाण मराठीची चाचणी होऊन बसते. वय नोंदवहीतून घेऊ नका, माता-बाल संरक्षण कार्डावरची जन्मतारीख पाहून महिन्यांत लिहा. या वयात सहा महिन्यांचा फरक फार मोठा.

मोजपट्टी
दोन निरीक्षकांचं जुळतं का हे टक्क्यांवर ठरवू नका. समजा दोघेही 90 टक्के झलकींना 'शिकवणं नाही' लिहितात. मग डोळे मिटून लिहिलं तरी 0.9 × 0.9 आणि 0.1 × 0.1, म्हणजे 0.81 + 0.01, म्हणजे 82 टक्के जुळणारच. तुमचं 88 टक्के जुळलं तर कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वगळून उरणारं जुळण्याचं माप, (0.88 − 0.82) ÷ 0.18 = 0.33, म्हणजे काम कच्चं. 0.7 च्या वर येईपर्यंत सराव करा, 12 बाहेरच्या एखाद्या अंगणवाडीत.

120 मुलं म्हणजे 120 स्वतंत्र नोंदी नव्हेत. एकाच अंगणवाडीतली मुलं एकमेकांसारखी असतात. हे सारखेपण मोजणारा गटांतर्गत सहसंबंध 0.2 धरला तर प्रत्येकीतल्या 10 मुलांतून एक वजा करून भाजक 1 + 9 × 0.2 = 2.8, आणि 120 ÷ 2.8 म्हणजे जेमतेम 43 मुलांइतकी ताकद. वेळ तर फक्त 12 ठिकाणी मोजलेला आहे. जमलं तर 20 अंगणवाड्या आणि प्रत्येकीत 6 मुलं घ्या. मुलं तितकीच, पण भाजक 1 + 5 × 0.2, म्हणजे 2 वर येतो आणि ताकद 60 मुलांची होते.

बालविकास_एमए
20 × 6 असं बदलते. एक राहिलं, सेविकांना ही तपासणी वाटली तर?

अंगण_पाडा
वाटणारच, म्हणून पर्यवेक्षिकेबरोबर जाऊ नका. पहिल्याच भेटीत कोरा नोंदतक्ता सेविकेच्या हातात द्या, प्रत्येक रकाना समजावून सांगा. तक्त्यावर गावाचं नाव नको, फक्त क्रमांक. क्रमांक आणि गाव जोडणारी यादी वेगळ्या वहीत, कुलपात. पालकांची संमती त्यांच्या बोलीत वाचून दाखवून घ्या, मूल नको म्हणालं तर तिथेच थांबा, आणि मुलांचं चित्रीकरण अजिबात करू नका.